सनईचा दात

आप्पा बाकावरून परत उठले. दारापर्यंत गेले, चपलांत पाय घातले, माझ्याकडं वळून बघितलं आणि पाय परत बाहेर काढले.

"बसा की हो एका जागी," मी म्हणलं. "मुंगळा डसल्यागत काय चाललंय तुमचं?"

बसले. मग त्यांचा गुडघा हलायला लागला. मांडीवर सनईची पिशवी होती, तिच्यावर बोटं नाचत होती. दवाखान्यात येताना सनई कशाला, असं मी घरापासून मिरजेपर्यंत विचारत आले होते, पण आमच्या आप्पांना एखादं विचारणं नको असलं की ते भिंतीकडं बघत बसायचे. भिंतीशी बोललेलं बरं, निदान तिला मान हलवायची सवय नसते.

मी तेव्हा एसटीत कंडक्टर होते. सांगली डेपोची गाडी, खच्चून भरलेली, सुट्ट्या पैशांवरनं रोज दहा भांडणं. कुणाला कसं गप्प करायचं ते मला शिकवायला नको. पण त्या दिवशी मीच भ्याले होते आणि ते आप्पांना दिसू नये म्हणून मी जास्तच खेकसत होते.

गोष्ट अशी होती. आमच्या सावळगावात जोगाईचं देऊळ आहे. तिथली सनई आमच्या घराकडं, पिढ्यान् पिढ्या. सकाळी काकड्याला, सांजेला आरतीला. सनई आप्पांची आणि चौघडा माझ्या बंडामामाचा. वर्षभरापूर्वी कुणा भक्तानं देवळाला विजेवर चालणारं नगाऱ्याचं मशीन दिलं. बटण दाबलं की घंटा, झांज, नगारा, सगळं एकदम धाडधाड सुरू. चेअरमन शिवगोंडा पाटलांनी ते लाल कपड्याखाली झाकून ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. म्हणायचा, "आप्पा वाजवतायत तोवर ह्याला हात लावायचा नाही."

पण आप्पांचा वरचा पुढचा दात किडला. आणि दात दुखायला लागल्यापासून त्यांची सनई बिघडली. आधी कधीमधी, मग रोज. श्रावणात एका सोमवारी सूर असा घसरला, असा घसरला की आरतीतली पोरंटोरं फिसफिस करून हसली. मला तर वाटलं, धरणी दुभंगावी नि आपण आत जावं. आप्पा मात्र वाजवतच राहिले, जणू काही झालंच नाही.

घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी चेअरमन घरी आले.

"आप्पा, राग मानू नका. आज सांजआरतीला कमिटी बसणारे ऐकायला. नीट वाजलं तर नवरात्र तुमचं, आणि पुढंही तुमचंच. नाही वाजलं तर उद्यापासून मशीन लावतो. बाहेरगावची माणसं येतात हो, हसं होतं देवीचं."

आप्पा त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. मग म्हणाले, "वाजंल."

वाजंल म्हणे! दातात भोक, त्यात मेणाची गोळी कोंबलेली, गाल सुजलेला, आणि म्हणे वाजंल. मेण सनईवाल्यांच्या घरात असतंच, सनईच्या तोंडाशी फुंकायची पत्ती असते, तिला दोरा बांधायला लागतं. वारा लागून कळ येऊ नये म्हणून आप्पा तेच दातात भरायचे.

असं नाही की दाखवलं नव्हतं. तालुक्याच्या एका डॉक्टरकडं मी त्यांना आधीच नेलं होतं. त्यानं ड्रिलचं मशीन सुरू करून दाताला लावायचा अवकाश, आप्पा दोन्ही हात डोक्याला लावून खुर्चीवरनं असे उसळले की पाण्याचा पेला, चिमटे, सगळं जमिनीवर. डॉक्टर म्हणाला, एवढे भित्रे असाल तर दात उपटून टाकू, एका झटक्यात मोकळे व्हाल. त्यावर आप्पा पायात चपला न घालताच बाहेर. रस्त्यात मला म्हणाले, "डोकं उपटा म्हणावं, दात न्हाई."

मला वाटलं, दुखण्याला भ्याले. सगळ्यांनाच तसं वाटलं.

मग माझ्या गाडीतल्या एका नर्सबाईनं सांगितलं, मिरजेत एक डॉक्टर आहे, लेझरनं दातातली कीड काढते, ड्रिल लावतच नाही. बऱ्याच जणांना इंजेक्शनही लागत नाही. हे ऐकून मी तिचं तिकीट फाडायचंच विसरले. इंजेक्शन नको हीच तर खरी मेख होती. इंजेक्शन दिलं की ओठ तासन् तास बधिर. बधिर ओठांनी सनई वाजवायची म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवायचा. तेव्हा चेअरमन घराबाहेर पडले तशी मी ड्युटी मैत्रिणीच्या गळ्यात घातली आणि आप्पांना घेऊन मिरजेची गाडी पकडली.

"या काका," आतून हाक आली. आप्पा हलले नाहीत. मी कोपर मारलं तेव्हा उठले.

डॉक्टर तहसीन मॅडम माझ्याच वयाच्या असतील. डोक्याला ओढणी, आवाज शांत. त्यांनी आप्पांच्या समोर स्टूल ओढलं आणि सगळं नीट विचारलं. आप्पांनीही चटचट उत्तरं दिली. मग खुर्ची मागं कलली, दिवा लागला, मॅडमनी आतलं मेण उकरून काढलं आणि हसल्याच.

"हे काय भरलंय, काका?"

"सनईवाल्याचं सिमेंट," मी म्हणलं.

त्या आरशानं दात निरखत राहिल्या. "आणि इथं टोकाला खाच कशी पडलीय? रोज काहीतरी टेकतंय ह्या दाताला. धातूचं काहीतरी."

आप्पांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, खाच तर खाच, सनईवाल्याच्या दाताला खाच नाही पडणार तर काय पानवाल्याच्या पडणार?

"हे बघा," मॅडम मला म्हणाल्या, "किडलेल्या भागात पाणी जास्त असतं. लेझर त्या पाण्यावर काम करतो, म्हणून किडका भाग आधी उडतो, चांगला दात शाबूत राहतो. ड्रिलसारखी थरथर होत नाही. पण मी खोटं नाही बोलणार. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर लेझरनंही भागत नाही. मग इंजेक्शन, नस काढणं, सगळं आलं."

"आज सांजेला ह्यांना वाजवायचंय, मॅडम. नाही वाजलं तर घरातनं सनई गेली."

"बघू या," त्या म्हणाल्या. आम्हा तिघांच्या डोळ्यांवर रंगीत चष्मे चढले, मॅडमच्या तोंडावर मास्क आला.

"काका, दुखलं तर डावा हात वर करायचा. कळलं?"

आप्पांनी मान हलवली.

"मी लगेच थांबेन. घाबरायचं नाही."

मान हलवली. शहाण्या पोरासारखी. मला नवलच वाटलं. घरी ह्या माणसाला 'जेवायला चला' म्हणून चारदा ओरडावं लागायचं.

यंत्र सुरू झालं. ड्रिलसारखं किंचाळणं नाही. फक्त चट् चट् चट् चट्, तव्यावर मोहरी तडतडावी तसं, आणि पाण्याचा बारीक फवारा. जरा करपल्याचा वास आला. मी आप्पांचं तोंड बघत होते. आता उसळतील, मग उसळतील... पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. चेहरा असा निवळला की जणू कुणी ओळखीचं भेटलं.

आणि डावा हात वर झाला.

मॅडम थांबल्या. "दुखलं?"

मान हलली. हो.

त्यांनी जरा वेळ दिला, पुन्हा सुरू केलं. चट् चट् चट् चट्. पुन्हा हात वर. पुन्हा थांबल्या. असं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा झालं. दर वेळी "दुखतंय?" आणि दर वेळी मान हो म्हणायची.

मॅडमनी हातातलं यंत्र ठेवलं. "ताई, एवढ्यात एवढं दुखायला नको होतं. कीड नसेत गेली असणार. इंजेक्शन देते. उगीच हाल नकोत त्यांचे."

इंजेक्शन म्हणजे बधिर ओठ, बधिर ओठ म्हणजे आज सांजेला फजिती, आणि उद्या सकाळी लाल कपड्याखालचं ते धूड धाडधाड वाजणार. "एकदाच बघा ना मॅडम, देवाच्यान एकदाच," मी हात जोडले. "त्यांना सोसवेल. सनई गेलेली नाही सोसवायची."

"एकदाच हं," त्या म्हणाल्या.

पुन्हा चट् चट् सुरू झालं आणि ह्या वेळी मी आप्पांच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघितलं. उजवा हात मांडीवर होता. बोटं पडत होती. एक, दोन, तीन, चार... आणि ठरल्या जागी डावा हात अलगद उचलला जात होता, पंजा बाहेर वळत होता.

"मॅडम, थांबा! अहो, दुखत नाहीये त्यांना! खाली दाखवतायत!"

"काय दाखवतायत?"

"ताल धरलाय हो! तालात टाळी असते तशी खाली असते, रिकामी जागा. तिथं टाळी नाही वाजवायची, हात असा बाजूला टाकायचा. तुमच्या मशीनच्या चटचटीवर तीनताल धरलाय म्हाताऱ्यानं!"

मॅडम खळखळून हसल्या. मीही हसले, इतका वेळ रोखलेला श्वास सुटला त्याच्याबरोबर. पण हसता हसता त्या एकदम माझ्याकडं वळल्या.

"पण मी सांगितलं होतं ना, दुखलं तरच हात वर करा. ते हो म्हणाले होते."

त्या हळूच आप्पांच्या डोक्यामागं गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "काका, तुमची सनई कुणीतरी उचलून चाललंय."

आप्पा छताकडं बघत निवांत पडलेले.

मॅडमनी आरशाची दांडी त्या दाताच्या टोकाला टेकवली आणि दांडीवर नखानं हलकंच वाजवलं. मला तो आवाज नीट ऐकूही आला नाही.

आप्पांचे डोळे लकाकले. "आलं," ते म्हणाले. "हे आलं."

मॅडमनी मास्क खाली ओढला, त्यांच्यासमोर आल्या, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "काका, तुम्हाला कानानं ऐकू येत नाही. कधीपासून?"

"कानाचं कुठं काढलंय?" आप्पा तटकन म्हणाले. "दाताचं बघा तुमी."

"आप्पा," मी त्यांच्या तोंडासमोर वाकले. माझा आवाज चिरकला, पण तो त्यांना कुठं ऐकू येणार होता? "आप्पा, खरं सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं. मग पिशवीतनं सनई काढली, पत्ती ज्या पितळी नळीवर बसते त्या नळीवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट दाताच्या टोकाला लावलं.

"हितनं ऐकतो," ते म्हणाले. "दात नळीला टेकला की सूर डोक्यात येतो. सगळा येतो, आरपार. कानातनं आता नुसती धूळ येती. तोंडं दिसतात माणसांची, त्यावरनं कळतं. बंड्याचे हात दिसतात, त्यावरनं ठेका कळतो. पर सूर कुणाच्या तोंडावर दिसायचा न्हाई, शाले. त्यो दातातनंच यायला पायजे. दुखतंय म्हणून टेकवता येईना, मग अंदाजानं फुकत हुतो. आंधळा भिंत चाचपतो तसा."

म्हणून उपटू द्यायचा नव्हता. म्हणून ड्रिल लागताच डोकं धरून उसळले होते. त्या मुक्या झालेल्या डोक्यात एवढा मोठा आवाज कैक दिवसांत शिरला नसणार. आणि त्या सोमवारी पोरं हसली तेव्हा ते वाजवत राहिले, कारण त्यांना आपला घसरलेला सूरही ऐकू आला नव्हता आणि हसणंही नाही. मला रडू आवरेना. कंडक्टरीण म्हणे! गाडीतल्या शेवटच्या बाकावरचा माणूस तिकीट चुकवायच्या बेतात असला तर मला वास यायचा, आणि एका ताटात जेवणारा माझा बाप बहिरा झालेला मला कळला नव्हता.

"कुणाला सांगायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "बहिऱ्याची सनई म्हणतील. चेअरमन तरी काय करील मग?"

मॅडमनी ओढणीनं डोळ्याची कड पुसली आणि एकदम कामाला लागल्या. आप्पांच्या तोंडासमोर बसून म्हणाल्या, "बरीचशी कीड निघालीय. थोडी उरलीय, ती नसेच्या अगदी काठावर आहे. ती काढताना खरंच दुखेल. दुखलं की हात. नुसतं दुखलं की. ताल नाही धरायचा."

"न्हाई धरत," आप्पा म्हणाले.

मी त्यांचा डावा हात माझ्या हातात घेतला. चट्... चट्... आता मॅडम फार थोडं थोडं करत होत्या, मध्येच थांबत होत्या. आप्पांच्या पायांची बोटं आवळली गेली. नखं माझ्या तळव्यात रुतली. हात मात्र वर जाईना. मॅडमनी डोळ्यांनी मला विचारलं, काय करू? मी काय सांगणार? थांबा म्हणावं तर कीड आत राहते, चालू द्या म्हणावं तर हाल. आप्पांच्या डोळ्यांतनं पाणी कानशिलावर उतरलं.

"थांबा," मीच म्हणलं.

आप्पांनी माझ्या तोंडावरनं ते ओळखलं आणि माझा हात असा खसकन दाबला की बांगडी मोडली. मान हलवली. नाही. थांबायचं नाही.

मॅडमनी पुन्हा सुरू केलं. किती वेळ गेला मला ठाऊक नाही, माझं सगळं आयुष्य त्यात गेलं असं वाटलं. मग यंत्र बंद झालं.

"निघाली," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. "नस वाचली."

त्यांनी पांढरं सिमेंट भरलं, निळा उजेड टाकून घट्ट केलं. आप्पांनी चूळ भरली आणि कुणाला काही न विचारता पत्ती तोंडात ओली केली, दात टेकवला आणि फुंकर मारली. बाहेरच्या बाकावरनं कुणीतरी "अगं बाई!" म्हणून ओरडलं.

आप्पांनी तोंड वाकडं केलं. "गोधडीत गुंडाळल्यागत येतोय."

मॅडमनी मान तिरकी करून बघितलं. भरलेलं सिमेंट टोकापाशी जरा पुढं आलं होतं, नळीला तेच टेकत होतं, दात नाही. त्यांनी ते घासून कमी केलं. आप्पांनी पुन्हा फुंकलं. ह्या वेळी षड्ज असा सरळ, असा भरून आला की दारात गर्दी झाली. आप्पा डोळे मिटून तो एकच सूर धरून बसले. सोडेचनात. मॅडम भिंतीला टेकून ऐकत राहिल्या.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "हाडातून एवढं छान ऐकू येतंय म्हणजे कानाचा आतला भाग चांगला असणार. कानाच्या डॉक्टरला दाखवा. काहीतरी मार्ग निघेल. आणि सांगू नका म्हणाले ते, तर मीही कुणाला सांगणार नाही."

गावी पोचलो तेव्हा देवळात दिवे लागले होते. कमिटी खांबांना टेकून बसलेली. मशीनवरचा लाल कपडा काढला होता, वायर भिंतीला लावून ठेवली होती. माझं सगळं लक्ष त्या बटणावर. बंडामामा चौघड्यापाशी बसला, आप्पा त्याच्या अगदी समोर, हात दिसतील असे. आजवर मी हे बसणं हजारदा बघितलं होतं.

चौघडा घुमला. आप्पांनी नळीला दात टेकवला.

काय सांगू! आरती संपेपर्यंत एकाही पोरानं हसायला तोंड उघडलं नाही. पाटलांची म्हातारी आई पदर तोंडाला लावून बसली होती. मी एकेका सुराला जीव मुठीत धरत होते, कारण तो सूर कशाच्या आधारावर उभा आहे ते त्या सबंध देवळात मला एकटीला माहीत होतं.

आरती झाली. चेअरमन उठले, मशीनपाशी गेले आणि वाकून वायर काढायला लागले. वाकूनच, पाठ आप्पांकडं करून म्हणाले, "आप्पा, उद्या काकडा पहाटे लवकर घेऊ या. जमंल न्हवं?"

आप्पा पत्ती पुसत होते. पुसतच राहिले.

"आप्पा?" चेअरमनांची मान वळायला लागली.

मी दोन ढांगांत आप्पांच्या समोर उभी राहिले. "अहो आप्पा, उद्या काकडा लवकर आहे, विचारतायत! सुरात गुंगलेला माणूस हो हा, पाटीलकाका, अजून उतरला नाही खाली."

"जमंल की," आप्पा म्हणाले. "जमंल, न जमायला काय झालं?"

चेअरमन हसले, वायर गुंडाळून काखेत मारली आणि गेले. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ देवळात मी आप्पांच्या समोर उभी राहायला लागले. ड्युट्या बदलून घेतल्या, कंट्रोलरशी भांडले, बढती सोडली. पुढं कानाला यंत्र बसलं, तरी वाजवायच्या वेळी ते काढून ठेवायचे आणि माझ्याकडं बघायचे.

पण ते नंतरचं. त्या सांजेला देऊळ रिकामं झालं, बंडामामाही गेला, तसे आम्ही दोघं पायरीवर बसलो.

"आप्पा, वाजवा जरा," मी तोंडासमोर जाऊन म्हणलं.

मी दोन्ही कानांत बोटं खुपसली. घट्ट. मग खाली वाकले आणि सनईच्या खालच्या टोकाचा पितळी पेला दातांत धरला. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सावकाश फुंकलं.

गाव नव्हतं, देऊळ नव्हतं, माझ्या आत सगळीकडं नुसता तोच एक सूर होता. त्याला बाहेर असं काही नव्हतंच. इतकं जवळ मी माझ्या बापाला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

फुंकर थांबली. आप्पांनी पत्ती तोंडातनं काढली आणि काहीतरी विचारलं. माझी बोटं अजून कानातच होती, मला शब्द ऐकू आला नाही. मी त्यांच्या ओठांकडं बघितलं.

"आलं?"

मी मान हलवली.